लाल दिवा न लागणारी शाळा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीपण हात पुसून घ्या. आज मी एक प्रश्न आणलाय. सोपा दिसतो, म्हणून फसाल – आधीच सांगून ठेवतो.

ज्या घरातनं भांडणाचा आवाज येत नाही, ते घर सुखी समजायचं का?

हं... पुढं बसलेल्या मावश्यांनी लगेच माना डोलावल्या. आणि त्यांचे मालक? ते खाली बघतायत! अहो माउली, घरात आवाज नाही याची दोनच कारणं. एक तर खरंच शांतता आहे, नाहीतर एकाला तोंड उघडायची सोय नाही. तुमच्या घरात त्यातलं कुठलं, ते मी विचारत नाही. मला अजून इथं जेवायचंय.

मग ऐका.

कुरणवाडी नावाचं गाव. तिथं एक हायस्कूल, पाचवी ते दहावी. शाळेचे चेअरमन नानासाहेब थोरवत. माणूस मनानं चांगला हो! शाळेला काही कमी पडू द्यायचा नाही. फक्त एक – दिलेलं लोकांना दिसलं पाहिजे. शाळेला पंखे दिले, तर पात्यावर नाव लिहून घेतलं. आता पंखा फिरायला लागल्यावर पात्यावरचं नाव वाचता येतं का? नाही येत! म्हणून नानासाहेब वर्गात आले की आधी पंखे बंद करायचे. भर एप्रिलमध्ये! पोरं घामानं निथळतायत आणि वर नाव वाचतायत – नानासाहेब थोरवत, नानासाहेब थोरवत, नानासाहेब थोरवत.

तर या नानासाहेबांनी शाळेला एक नवीन गोष्ट दिली. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा. प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलवर एक लाल बटण. पोरांची मारामारी झाली, कुणी पडलं, कुणी कुणाला छळलं – बटण दाबायचं. कुठं झालं ते सांगायचं, कुणी केलं त्याचं नाव टाकायचं. की लगेच ऑफिसात लाल दिवा लागणार, भोंगा वाजणार, आणि कॉम्प्युटरवर शाळेचा नकाशा आहे, त्या नकाशावर त्या जागी एक लाल ठिपका पडणार. झकास काम! फीत कापली, पेढे वाटले. नानासाहेब भाषणाला उभे राहिले, म्हणाले, आपल्या शाळेची पोरं म्हणजे रत्नं आहेत – आणि भोंगा वाजला! मागच्या रांगेत दोन रत्नं एकमेकांच्या कॉलरला धरून उभी!

पुढं तर रोजचंच झालं. दिवा लागतोय, भोंगा वाजतोय. रस्त्यानं जाणारी माणसं विचारायला लागली, शाळेला आग लागली की काय? नानासाहेबांना तालुक्याला तोंड दाखवायची चोरी. मग त्यांनी काय केलं असेल? भांडणं का होतात ते बघितलं?

छे हो! बक्षीस लावलं.

ज्या वर्गातनं इथनं पुढं दिवा लागणार नाही, त्या वर्गाला स्नेहसंमेलनात मोठी शिल्ड. आणि काय सांगू मंडळी, चमत्कार! पंधरवड्यात शाळा चिडीचूप. दिवा लागेना, भोंगा वाजेना. पोरं सुधारली म्हणता? पोरं होती तिथंच होती. थांबलं होतं ते शिक्षकांचं बोट! बटण दाबलं तर शिल्ड जाणार, मग दाबतंय कोण? पोरगं रडत आलं की मास्तर म्हणायचे, जा, तोंड धू, काही झालेलं नाही. आणि नानासाहेबांनी हायवेला फ्लेक्स लावला. त्यावर गॉगल घातलेले नानासाहेब, हात जोडलेले, आणि खाली ही मोठी अक्षरं – ‘शून्य तक्रार शाळा’.

शून्य! पण एक गडबड होती. पाचवीच्या शिंत्रे बाई.

प्रत्येक शाळेत अशी एक बाई असते बघा. मीटिंग संपत आली, सगळे चपला घालतायत, आणि ही म्हणणार, “सर, माझा एक मुद्दा राहिलाय.” सगळ्यांना त्यांचा वैताग. पण या बाई बटण दाबायच्या. पाचवीची बारकी पोरं रडून कळकट झालेल्या तोंडानं वर्गात आली की दाबलंच बटण. आणि मारामारीत दरवेळी सापडायची एकच, म्हणून नावही एकच. कस्तुरी लोहार, इयत्ता आठवी.

कोण ही कस्तुरी? गावातल्या वेल्डिंगवाल्याची पोर. लहानपणापासनं बापाच्या दुकानात लोखंड उचलून हात असे घट्ट झालेले! आज हिनं याला ढकललं, उद्या त्याची पट्टी मोडली, परवा कुणाला तरी पाण्याच्या टाकीत अर्धा बुडवला. अर्धाच हं, पोर विचारी होती.

नानासाहेबांनी हिशेब मांडला. सगळ्या शाळेत दिवा लागतो तो हिच्यापायी. ही गेली की फ्लेक्स खरा! हेडसरांना सांगितलं, दाखला द्या हिच्या हातात.

हेडसर म्हणजे दिनकर अष्टेकर. सज्जन माणूस. इतका सज्जन, की समोरच्यानं आवाज चढवला की यांची मान आपोआप हलायची. दाखला तयार झाला. कस्तुरीच्या आईला बोलावणं गेलं.

माउली आली. हाताला पीठ तसंच. ती काही भांडली नाही. एवढंच म्हणाली, “सर, दुसरी शाळा नदीपलीकडं. तिथं हिला पाठवायचं कुणाच्या जिवावर? हिचा बाप म्हणतोय, शाळा सुटली तर घरात बसव. ती घरात बसली की पुढं काय होतं, ते मला विचारा. मी आठवीतच घरी बसले होते.”

बघा, एका सहीत काय काय असतं ते. पोरगी दाराशी उभी, नखं खातेय. नानासाहेब घड्याळ बघतायत. हेडसरांनी पेन उघडलं...

आणि दारातनं आवाज, “सर, माझा एक मुद्दा राहिलाय.”

शिंत्रे बाई! नानासाहेबांनी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, सही करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त आधी तो नकाशा उघडा. तुम्ही रोज नावं बघता. ठिपके कुठं पडलेत ते एकदा बघा.

नकाशा उघडला. आणि हेडसर बघतच राहिले. सुरुवातीला सगळे शिक्षक इमानानं बटण दाबत होते ना, तेव्हाचे ठिपके – नावं वेगवेगळी, वर्ग वेगवेगळे, पण जागा? जवळजवळ सगळे एकाच जागी! हॉल आणि स्वयंपाकाची खोली यांच्या मधला बोळ, पाण्याच्या नळाकडं जाणारा. आणि वेळ? दुपारची खिचडी खाऊन झाली की. मैदानावर ठिपका नाही, वर्गात एखाददुसरा, आणि त्या बोळात नुसती गोवर आल्यासारखी लाली! आणि कस्तुरीच्या नावाचे ठिपके? तेपण तिथंच.

मंडळी, आपलं काय होतं सांगू? घरात कप फुटला की पहिला प्रश्न – कुणी फोडला? दोन रट्टे, प्रकरण मिटलं. तो कप टेबलाच्या कडेला कुणी ठेवला होता, हे विचारतो का आपण? नाही विचारत. कारण ठेवलेला आपणच असतो!

हेडसरांनी पेन बंद केलं. म्हणाले, उद्या बघू. नानासाहेब चिडले, पाय आपटत गेले. कुणीतरी आवाज चढवला आणि अष्टेकर सरांची मान हलली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. पोरांनी खिचडी खाल्ली. आणि हेडसर गुपचूप पाचवीच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले! मान खाली, डोक्याला रुमाल. आता पाचवीच्या रांगेत साठीला टेकलेला माणूस – पण ओळखणार कोण? हेडसर खिचडीच्या वेळेला कधी तिकडं फिरकलेच नव्हते!

रांग बोळात शिरली. बोळ एवढासा, एका वेळी एकच पोर जाईल असा. आणि बोळाच्या तोंडाला काय? लाकडी पट्टी आडवी धरलेली, आणि पलीकडं डब्यावर बसलेला आठवीतला हर्षवर्धन. सगळे त्याला हर्ष्या म्हणायचे. मंडळी, टोलनाका! अस्सल टोलनाका! चिंच दे, बोरं दे, चिक्कीचा तुकडा दे, मग पट्टी वर. नसेल तर मागं हो, पाणी नाही. आणि मागं होणार कसं? मागनं शंभर पोरं ढकलतायत! मग ढकलाढकली, रडारड, गुद्दागुद्दी.

हर्ष्या हिशेबी माणूस. मान वर न करता म्हणाला, “टोल.”

हेडसरांनी रुमाल आणखी खाली ओढला.

“ए, चिंच काढ. नाहीतर बाजूला हो, मागं गाड्या थांबल्यात.”

हेडसरांनी खिशात हात घातला. खोकल्याची गोळी निघाली. ती त्याच्या हातावर ठेवली आणि हळूच म्हणाले, “पावती मिळेल का?”

हर्ष्यानं वर बघितलं! हातातली पट्टी आपोआप वर गेली, ती वरच राहिली. मागची पोरं म्हणाली, आज टोल माफ दिसतोय, आणि सगळी सुसाट पळाली!

हर्ष्याला उभं केलं. तो काय म्हणाला माहितीय? सर, मी शिस्तच लावतोय, नाहीतर चेंगराचेंगरी होते. आणि मंडळी, त्यात थोडं खरं होतं हो! कारण नळाकडं जायला दुसरी वाट होती. हॉलच्या मागनं, चांगली ऐसपैस. पण तिथं मोडकी बाकं रचलेली, छतापर्यंत! ती का हलवली नाहीत? तर भंगाराचा लिलाव करायचा ठराव कमिटीत अडकलेला. कमिटीतल्या एकाच्या मेहुण्याला भंगार पाहिजे, दुसऱ्याच्या साडूला पाहिजे. तीन वर्षं बाकं तिथं आणि सगळी शाळा एका बोळात!

मग सरांनी कस्तुरीला बोलावलं. ती रोज तिथं का सापडायची, ते आता कळलं असेल तुम्हाला. बारक्या पोरांना पाणी मिळावं म्हणून ती नाका मोडत होती.

सर म्हणाले, “अगं, मग कुणाला सांगितलं का नाहीस?”

पोरीनं सरळ बघितलं. “सांगितलं की, सर. तुम्हालाच सांगितलं. तुम्ही म्हणालात, शिल्डचे दिवस आहेत, आता काही काढू नकोस.”

...

बोला आता! त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. आपल्याला कुठं आठवतं, पोरांना आपण कधी आणि काय म्हणून गप्प केलं ते? त्यांनी टेबलावरचा दाखला घेतला, त्यावर दोन रेघा मारल्या. म्हणाले, “चुकलं माझं, बाळ. वर्गात जा.”

आता राहिले नानासाहेब. त्यांना कोण सांगणार, की साहेब, तुमच्या शिल्डनंच हे सगळं झाकलं? अष्टेकर सर सज्जन होते, पण त्या दिवशी त्यांना अक्कल सुचली बघा. ते म्हणाले, नानासाहेब, हॉलच्या मागची वाट मोकळी करायचीय. तिला नाव काय द्यावं, विचार करतोय. ‘नानासाहेब थोरवत मार्ग’ कसं वाटतं?

अहो, तीन वर्षं अडकलेला ठराव दुसऱ्या दिवशी मंजूर! मेहुणा राहिला, साडू राहिला, नानासाहेबांनी स्वतः सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पहिलं बाक उचललं. फोटोपुरतं म्हणून उचललं होतं, पण दुसऱ्या टोकाला कस्तुरी. ती सोडतेय होय? चार बाकं वाहायला लावली! आणि खिचडीच्या वेळेला नळापाशी रोज एक शिक्षक उभा राहायला लागला. बोळातले ठिपके थांबले. आता खरे थांबले.

स्नेहसंमेलन आलं. शिल्ड कुणाला? सरांनी जाहीर केलं, ज्या वर्गानं सगळ्यात जास्त वेळा दिवा लावला, त्या वर्गाला. पाचवीला! टाळ्या वाजवायला कुणाला सुचेना. शिंत्रे बाई स्टेजवर आल्या, आणि माईक हातात घेऊन म्हणाल्या, माझा एक मुद्दा... सगळ्यांनी मिळून त्यांना खाली बसवलं. एवढी सुधारणा काही झाली नव्हती! पण शिल्ड उचलायला पाचवीची पोरं कमी पडली, तेव्हा कस्तुरीची आई पहिल्या रांगेतनं लेकीला म्हणाली, “जा की गं, घे उचलून.” आणि तिनं ती एका हातानं उचलली.

अजूनही त्या शाळेत दिवा लागतो, बरं का. परवा सायकल स्टँडपाशी लागला. हेडसर चहा टाकून उठले, चला, बघू काय झालंय.

तर मंडळी, तुमच्या घरात काय करता तुम्ही? पोरगं शाळेतनं येतं, दप्तर फेकतं, म्हणतं आज ना, असं असं झालं. तुम्ही म्हणता, टीव्ही बघू दे. सून काही बोलायला जाते, तुम्ही म्हणता, सणाच्या दिवशी नको. म्हातारी कण्हते, तुम्ही म्हणता, झोप आता. आणि मग पाहुण्यांना सांगता, आमच्या घरात काही कटकट नाही बघा! फ्लेक्स लावलाय तुम्ही घरावर. रोज एकदा तरी विचारा – काय झालं? कुठं झालं? आणि मग तोंड मिटून ऐका. देवाचं नाव घेण्याइतकंच ते मोलाचं आहे, मी सांगतो.

चला, आत्ताच सुरुवात करू. ही पुढं बारकी मंडळी बसलीत. बाळांनो, कुणाला काही त्रास होतोय? सांगा, कुणी रागावणार नाही. हां, ती फ्रॉकवाली... उभी राहा, बाळ. काय होतंय?

काय? मोठ्यानं सांग, मागं ऐकू जाऊ दे.

“महाराज, लई लांबलंय.”

लागला! मंडळी, दिवा लागला! आता मी काय करू? तिला गप्प बसवू? मग एवढा वेळ घसा कशाला कोरडा केला?

उचला टाळ, मृदंगबुवा, धरा ठेका. थांबलो मी. नाव घ्या विठ्ठलाचं, आणि त्या लेकराला आधी पाणी द्या.