नर्सरीतला राब

आमी घाटघरचे. जुन्नरहून येणारी एसटी जिथनं माघारी वळती तिथलं, पुढं नाणेघाट आन् खाली कोकण. भात, नाचणी, वरई, दुसरं काय न्हाई. पोरपणापास्नं मला एक काम नीट येतं, ते म्हंजी राब. तुमाला राब ठाव नसंल, भाऊ. रोपं टाकायच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, वर पालापाचोळा, वर माती, आन् उन्हाळ्यात ते वाऱ्याचं अंग बघून सावकाश पेटवायचं. जमीन भाजली की तण मरतं, राखेत रोप जोरात येतं. त्या दिवसांत आमच्याकडं वावरावावरातनं धूर निघतो, कोण कुठं हाय ते धुरावरनं कळतं.

लग्न झालं आन् मी शहरात कंपनीत लागलो. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. ठमा, म्हंजी माझी बायको, गावाकडंच ऱ्हायली, आई म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, वावर कोण बघणार, आन् मी गड्यांच्या खोलीत, पाळीनं कामाला जायचं, पाळीनंच झोपायचं, तिथं बाईमाणूस आणायचं कुठं. दिवाळीला जायचो, भात लावायला जायचो, एवढाच आमचा संसार. खोलीत राजुरीचा एक गडी व्हता, तो म्हणायचा, राव, तू नवरा न्हाईस, तू पावणा हाईस. सगळी हसायची. मीबी हसायचो. पावणाच व्हतो की.

अशी लई वर्सं गेली. मग दोन हजार आठच्या दिवाळीनंतर मंदी आली. आधी ओव्हरटाइम गेला, मग रातपाळी गेली, मग आमी गेलो. साहेब म्हणला, अमेरिकेत बँका बुडाल्या. मी म्हणलं, साहेब, आमच्या गावात तर बँकच न्हाई, मग मी कसा बुडालो? हसला तो, पण गेटपास काढून घेतला.

त्याच वक्ताला महापालिकेनं योजना काढली. शहर हिरवं करायचं आन् ज्यांचं काम गेलं त्यांच्या हाताला काम द्यायचं. चौकात भला मोठा बोर्ड लावला, ओंजळीत रोप. ती ओंजळ अशी गोरीपान, नखात माती न्हाई. त्या बोर्डाखालीच आमची रांग. मला नर्सरीत घेतलं. बागेचा साहेब चांगला व्हता, म्हणला, मामा, तुमी डोंगरातले, तुमाला काय शिकवायचं. नीट करा, योजना पक्की झाली की गेटाजवळची खोली तुमाला देतो, मामींना आणा.

काय सांगू तुमाला, पत्र्याची खोली ती, आत खताच्या गोण्या. मी गोण्या एका अंगाला सारल्या, चुलीची जागा बघून ठेवली. म्हातारी आदल्या सालीच गेली व्हती, आता अडायचं काय? ठमाला फोन केला. ती म्हणली, आधी येऊन बघते, मग वावर दिराला लावून देते आन् येते कायमची.

वैशाखात साहेब म्हणला, मामा, पावसाआधी जांभूळ-करंजाची रोपं टाकायचीत, वाफे तयार करा. आता वाफा तयार कर म्हणलं की आमच्यात काय करत्यात? राब. रस्त्याचा झाडलेला पाला ट्रकनं नर्सरीत येऊन पडायचा, त्याचा ढीग व्हता. शेण न्हाई मिळालं, नसू दे म्हणलं. पाला रचला, माती दिली, वारं बघितलं, पेटवला. वाफ्यासाठी पेटवला, पण नुसता वाफ्यासाठी न्हाई, भाऊ. गावात समदीकडं धूर असणार आन् मी हितं एकटा, कोणाला कळायचं मी कुठं हाय ते?

पण तो पाला आमच्या रानातला नव्हता. त्यात पिशव्या, ग्लास, कायबाय. काळा धूर उठला आन् समोरच्या बिल्डिंगीच्या खिडक्याखिडक्यांत शिरला. माणसं गॅलरीत उभी राहून फोन लावाय लागली. साहेब आला तो ओरडला न्हाई, तेच वाईट. म्हणला, मामा, ही योजना धूर कमी करायची, आन् तुमी योजनेतनंच धूर काढलात? मी म्हणलं, साहेब, राब हाय. तो म्हणला, काय हाय? मी सांगाय लागलो, पण तवर समोरची माणसं गेटात आली, आन् कोणाला तरी काढल्याचं त्यांना दाखवावं लागणार व्हतं.

ठमा दुसऱ्या दिवशी आली. डोक्यावर बोचकं, त्यात नाचणीचं पीठ आन् तवा. मी गेटाबाहेर उभा, खोलीला कुलूप. तिनं जाळीतनं आधी खोली बघितली न्हाई, वाफा बघितला. म्हणली, अवो, राब भाजला व्हय तुमी? म्हणलं, व्हय. म्हणली, या अंगाला कच्चा ऱ्हायलाय. म्हणलं, त्यांनी पाणी मारलं. मग म्हणली, खोली ती का? चूल कुठं मांडणार व्हता? मी जाळीतनं बोट करून दावलं.

सांजच्या गाडीनं गेली. पीठ मला ठेवलं, तवा माघारी नेला. घरात तवा एकच हाय, म्हणली.

आता मी त्याच समोरच्या बिल्डिंगीत वॉचमन हाय. ज्यांनी फोन लावलं तीच माणसं, वाईट न्हाईत, चहा देत्यात. मंदी गेली म्हणत्यात, तिच्यामागं योजनाबी गेली. बोर्ड ऱ्हायलाय, ओंजळ उन्हानं पांढरी पडली. योजनेत त्यांनी झाडं मोजली, हात मोजले, पण ज्याला हात असत्यात त्याला बायकोबी असती, हे कुठं धरलंच न्हाई. माझ्या खुर्चीतनं ती खोली दिसती. कुलूप तेच हाय.

वैशाख लागला की ठमाला फोन लावतो. गावात रेंज न्हाई, ती टेकाडावर चढती. इचारतो, राब पेटवला का? म्हणती, पेटवला, धूर तुमच्याच बाजूला चाललाय. म्हणतो, जरा आवाज ऐकव. म्हणती, राब खाली ऱ्हायला, हितं वर नुसतं वारं हाय. मग म्हणतो, वारं ऐकव. ती फोन धरून उभी ऱ्हाती, मी ऐकत ऱ्हातो.

झाडं जगू देत त्यांची, सावलीत पोरं खेळू देत. तुमचंबी भलं व्हऊ दे, भाऊ. सरका जरा, गाडी आली, गेट उघडतो.