चढावर दमणारी गाडी

उदगीरच्या गॅरेजात पंचशीलाबाई आपल्या स्कूटीची वाट बघत बसल्या होत्या, पण कान शेजारच्या बोलण्याकडे होते, हातातला पेपर नुसता हातातच राहिला होता. बाकावर शेजारी म्हातारे ईश्वरप्पा, समोर त्यांचा तापलेला मुलगा मन्मथ, आणि त्यांच्या गाडीच्या उघड्या बॉनेटात वाकलेले खाजामिस्त्री.

"मिस्त्री, चढाला पिकअपच घेईना झाली. नुसता काळा धूर! उदगीरचा जिल्हा करतील तवा करतील, उद्या बायकोला तपासायला लातूरलाच न्यायचंय."

"टर्बो गेला म्हणलं कोणी?"

"दोघं मिस्त्री म्हणले. नवाच टाका म्हणून राहिले."

"टर्बो चांगला हाय. इंजिनात हवा ढकलतो तो, पण त्यालाच हवा मिळंना. हे बघा, हवेच्या पाईपाच्या तोंडाला फडकं बांधलंय."

"फडकं? कोणी बांधलं? ...अप्पा?"

"धुराळा किती उडून राहिला, मन्मथा. पाऊस न्हाई, पाणी न्हाई. आपण पाणी गाळून पितो, म्हणलं हिलाबी हवा गाळून द्यावी."

"अहो, आत फिल्टर असतो! दम कोंडला की तिचा! महिनाभर मी गॅरेजं हिंडून राहिलो, अन् तुम्ही शेजारी बसून गप?"

"तू टर्बो टर्बो करत व्हतास. फडक्याचं कोणी विचारलंच न्हाई."

"घ्या हे तुमचं! घरी जाऊन नळाला बांधा."

ईश्वरप्पांनी फडकं झटकलं, त्याची नीट घडी केली.

"नळाचंच हाय ते. नळाला पाणी येत असतं, तर सोडलं असतं का मी?"