मागं राहिलेली गाळणी

रहाटणीतल्या दवाखान्यात छातीच्या एक्स-रेसाठी नंबर लावून बसलो होतो. शेजारी चाकणच्या कारखान्यात लोखंडाच्या ग्राइंडिंगवर काम करणारे एक गृहस्थ आणि भूशास्त्र शिकणारी त्यांची मुलगी.

"रुपाली, कॉलेज बुडवून आलीस व्हय?"

"उद्या पेपर आहे, पप्पा. इथंच वाचतेय. कीसियस नावाचा शार्क, आता नामशेष झालाय."

"माणसं खायचा का?"

"तेव्हा माणसंच नव्हती. हा तोंड उघडून पोहायचा आणि कल्ल्यांतल्या गाळणीत अडकलेले बारीक जीव खायचा."

"हाडं घावली असतील की त्याची."

"शार्कला हाडं नसतात. कूर्चा असते, ती कुजून जाते. बहुतेक बारके दात आणि त्या गाळणीचे दातेच तेवढे सापडतात."

"म्हंजे मासा गेला, गाळणी राहिली."

"हो. खोकताय किती! कामावर मास्क लावता ना?"

"कंपनीनं भारीतला दिलाय, फिल्टरवाला."

"लावता का?"

"ऑडिटच्या दिवशी लावतो. रोज लावून काळा झाला, तर सायबाला काय दाखवू? लॉकरमधी हाय. दोन वर्षं झाली, अजून कोरा."

"जपा. तुमच्या मागं तोच राहील."

आतून त्या गृहस्थांना हाक आली, "मालोजी भिसे, आत या. मोठा श्वास घ्यायचा आणि रोखून धरायचा."