विमानाखालचा फोटो

(सोलापूर, भर दुपार. रिक्षा स्टँडसमोरच्या दोन खांबांना बांधलेला मोठा फ्लेक्स, त्यावर पिवळं विमान. रिक्षावाला जोतीराम तळेकर शिडीवर चढून दोऱ्या सोडतोय, फ्लेक्स छापणारा गुरुशांत खाली शिडी धरून उभा आहे. जोतीरामची लेक रेश्मा घरून पळत आलीय, आणि येणारे-जाणारे थांबून बघतात म्हणून तिला मान वर करवत नाही.)

रेश्मा : अजून एकच दोरी सुटलीय? आण्णा, लवकर करा की. संध्याकाळच्या आत उतरवते असं कंपनीच्या मॅडमना सांगून बसलेय मी.

जोतीराम : करतोय की बाळ. गाठी लई घट्ट बसल्यात. मीच मारल्यात, वारं यायचं म्हणून.

गुरुशांत : वर्षभर हलला नाही पायजे म्हणत होतास. आता भोग.

रेश्मा : गुरुकाका, तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं. मी ते चित्र आण्णांच्या फोनवर पाठवलं, ते कुणाला दाखवू नका असं बजावून.

गुरुशांत : त्यानं दाखवलं कुठं? थेट छापायलाच दिलं.

रेश्मा : हसू नका. ज्या गेमसाठी ते काढलं, तो दिवाळीला बाजारात यायचाय. तोवर हे विमान कुणाच्या नजरेला पडायचं नव्हतं. सही करून दिलीय मी तशी. आणि तुम्ही ते भिंतीएवढं करून चौकात टांगलं.

जोतीराम : मला वाटलं कंपनी पुण्याची. पुण्याचं माणूस हितं कशाला येतंय बघायला.

रेश्मा : माणूस येत नाही आण्णा, फोटो जातो. कॉलेजच्या पोरांनी फोटो काढून नेटवर टाकला आणि खाली लिहिलं, आपल्या रिकाम्या विमानतळाला एकदाचं विमान मिळालं. अख्खं सोलापूर हसलं. हसता हसता तो पुण्यात पोचला.

गुरुशांत : मी पण दोघाचौघांना पाठवला. आता खोटं कशाला बोलू, हसू आलं.

रेश्मा : आणि छापलंय कसं ते तरी बघा. नाक फुटलंय. पंखांच्या कडा करवतीसारख्या दिसतायत. एकेक कड साफ करायला मी किती दिवस घालवले असतील.

गुरुशांत : माझ्यावर नको हं येऊ, बाई. फोनवर आलेलं चित्र बारकं असतंय, ताणलं की फाटतंय. मी याला म्हणलं, पोरीकडनं मोठी फाइल आण. हा म्हणला, न्हाई, तिला सरप्राइज द्यायचंय. त्यापुढं मी काय बोलणार.

जोतीराम : मला तर कुटंच फाटलेलं दिसंना. मी रोज सवारी सोडून आलो की हितं उभा राहून बघत होतो. गुरुशांत, तुला सांगतो, पहिल्या दिवशी ही त्या कॉम्प्युटरच्या पाटीवर नुसत्या काळ्या रेघा मारत होती. मला वाटलं पोरगी चप्पल काढतीया.

रेश्मा : आण्णा, दोरी.

जोतीराम : सोडतोय गं. मग सगळं राखाडी केलं. मी म्हणलं, रंग का देत न्हाईस, कंजूसपणा कसला? तर म्हणली, आधी उजेड कुठनं येतोय ते ठरू दे, सावल्या बसू दे, रंग मागनं. बरं म्हणलं. मग एक दिवस चहा घेऊन आत गेलो तर पिवळंजर्द झालेलं, शेपटाला धूर निघून काळं पडलेलं, आन् कुशीला ह्यो ओरखडा. कप हातात तसाच राहिला माझ्या.

गुरुशांत : ओरखड्याचं काय एवढं?

जोतीराम : बघ की नीट. खाली वाकडा, वर दोन शेपट्या. होटगी रोडला उसाची ट्रॉली घासून गेली तवाचा हाय त्यो. माझ्या रिक्षाचा.

गुरुशांत : आँ? खरंच की. जाऊन बघून येतो म्हणलं तर रिक्षा समोरच उभी हाय. तोच हाय की हा. रेश्मा, तू बापाची रिक्षा उडवलीस होय आभाळात?

रेश्मा : हातानं काढलेला पत्रा खोटा दिसतो, काका. म्हणून खऱ्या पत्र्याचा फोटो घ्यायचा, कापून चित्रावर बसवायचा आणि वरून रंग चढवायचा. सगळे तसंच करतात. गेममध्ये तो ओरखडा उल्कांच्या माऱ्यातला आहे.

जोतीराम : ट्रॉलीचा मारा बी काय कमी न्हवता. म्हणून तर खाली शुभेच्छुक म्हणून माझं नाव आन् फोटो टाकायला लावला याला. दुसऱ्यांच्या फ्लेक्सवर धा-धा जणांची तोंडं असत्यात, वाढदिवसाला केक खाल्लेली. आपलं तर निम्मं विमान हाय म्हणलं.

रेश्मा : आण्णा, तो फोटो कुठंय? तिथं भोक कसलं पडलंय?

जोतीराम : वाऱ्यानं फाटलं असंल.

गुरुशांत : वारं आता चौकोन कापायला लागलं होय? यानंच कापलाय, चाकूनं. शिडीवर चढला तो आधी तिकडं, दोऱ्या सगळ्या मागनं.

रेश्मा : का कापला?

जोतीराम : तू सांग आधी. मॅडमनं फोटोचं काय इचारलं सकाळी?

रेश्मा : काही नाही विचारलं.

जोतीराम : बाळ, मी रिकामा कप ठेवायला आत आलतो. तू स्पीकर लावून भिंतीकडं तोंड करून बोलत होतीस. बाई पुण्याची असली तरी मराठीच बोलत होती की.

गुरुशांत : काय झालं? अरे मला कोण सांगणार हाय का नाही? जोतीरामा, तू खाली उतर बघू आधी.

जोतीराम : उतरत न्हाई. हितंच बरा हाय मी.

रेश्मा : मी सांगते काका. मॅडमनी फ्लेक्सचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, खाली हा माणूस कोण? आडनाव तर तुझंच आहे. घरातल्या कुणाला चित्र दिलं होतंस का? मी म्हणाले, तळेकर सोलापुरात पुष्कळ आहेत. रिक्षा स्टँडवरचा कुणीतरी आहे, मी ओळखत नाही. चित्र त्याला कुठून मिळालं ते मला माहीत नाही.

गुरुशांत : अय्यो.

रेश्मा : हो.

गुरुशांत : ओळखत नाही म्हणलीस? याला?

जोतीराम : गुरुशांत, जाऊ दे. कामाचा प्रश्न होता तिच्या. घरच्यांनी केलं म्हणली असती तर तिच्या अंगावर आलं असतं. परक्यानं केलं म्हणजे चोरी, तिचा काय दोष न्हाई. मला काय एवढं कळत न्हाई होय.

रेश्मा : तसं नाही आण्णा. तुम्ही मला वाचवू नका. कामाची भीती होती, हे खरं. एका विमानावर त्या खूश झाल्या होत्या, पुढची सगळी विमानं मलाच देणार होत्या. पण तेवढंच नव्हतं. तुम्ही काळा चष्मा लावून, रिक्षाच्या हँडलवर हात टाकून उभे. आणि मॅडम तो फोटो मोठा करून बघतायत, असं डोळ्यांपुढं आलं माझ्या. मला लाज वाटली. तुमची वाटली.

जोतीराम : चष्मा गुरुशांतचा होता.

गुरुशांत : माझाच होता. मीच म्हणलं लाव, रुबाब येतोय.

रेश्मा : आता माझी मलाच वाटतेय. घरातनं इथवर येईस्तोवर सारखं तेच कानात. ओळखत नाही, ओळखत नाही. आणि आवाज इतका सरळ निघाला माझा, जराही अडखळले नाही.

गुरुशांत : मग आता पुढं काय? फ्लेक्स उतरला की मिटलं?

रेश्मा : नाही मिटत. त्या म्हणाल्या, त्या माणसाचं नाव-पत्ता काढून पाठव. आमचे वकील त्याला नोटीस देतील. छापणाऱ्यालाही.

गुरुशांत : मला पण? अगं मी तुझ्या बारशाला जेवलेला माणूस.

जोतीराम : दे की पत्ता. त्यात काय अवघड हाय? जोतीराम तळेकर, रिक्षा स्टँड. मी सांगतो वकिलाला, पोरगी माझ्या रिक्षात बसली होती, फोन सीटवर ठेवला, मी गुपचूप घेतलं चित्र. गुरुशांतला काय म्हायती न्हवतं. झालं. मला काय करणार हायती? रिक्षा का उचलून नेणार हायती?

रेश्मा : म्हणून फोटो कापलात?

जोतीराम : मग काय. उद्या कुणी हितं येऊन तपास केला, तर तोंडावरनं कळंल की, बापलेक हाय म्हणून. नाक सारखं हाय आपलं, सगळे म्हणत्यात. आता काय पुरावाच न्हाई. तू म्हणलीस तेच खरं झालं बघ, कोण माणूस हाय, कुणालाच ठावं न्हाई.

रेश्मा : आण्णा, असं बोलू नका.

जोतीराम : रागानं न्हाई बोलत गं. खरंच सांगतोय. वाईट वाटलं, न्हाई म्हणत न्हाई. कप धुवायचा तसाच ठिवला आन् निघून आलो. पण तुझं काम जाऊ नये. धर ही दोरी, सुटली.

रेश्मा : काका, फ्लेक्स धरा जरा. मी फोन लावते.

गुरुशांत : कुणाला?

रेश्मा : पत्ता मागितलाय ना. देते. ... हॅलो, मॅडम, रेश्मा बोलतेय. ... हो, उतरवतोच आहोत, शेवटची दोरी राहिलीय. पत्ता घ्या ना. ... नाही, विचारावा लागला नाही. तुमच्याकडं आहे तो आधीपासून, माझ्या करारावर आहे तोच. ... हो, घर तेच. ... वडील. माझे वडील आहेत ते. चित्र मीच दिलं होतं त्यांना. सकाळी खोटं बोलले मी. ... नाही, त्यांनी चोरलं नाही, आणि छापणारे आमचे काका आहेत, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ... हो. ... हो मॅडम. ... ते पिवळ्या पत्र्याचं टेक्स्चर पण त्यांच्याच रिक्षाचं आहे, रस्त्यावरच्या गाडीचं म्हणून सांगितलं होतं मी, ते पण खोटं. ... फ्लेक्समुळं का, मॅडम? ... समजलं. ... ठेवते.

जोतीराम : कशाला केलंस हे? आँ? मी एवढं सगळं जुळवत होतो हितं.

गुरुशांत : काय म्हणल्या? नोटीस?

रेश्मा : नोटीस नाही येणार. कुणालाच नाही.

गुरुशांत : मग सुटलो की.

रेश्मा : हे विमान झालं तेवढं झालं. पुढची दुसऱ्या कुणाला तरी देतायत.

जोतीराम : माझ्यामुळं गेलं. मी मुडदा कुठं झक मारायला फ्लेक्स लावला.

रेश्मा : नाही आण्णा. मीही तेच विचारलं त्यांना, फ्लेक्समुळं का? त्या म्हणाल्या, बापानं कौतुकानं लावला असं सकाळी सांगितलं असतंस, तर मी रागावले असते आणि सोडून दिलं असतं. जी मुलगी बापाला ओळखत नाही म्हणते, तिच्या बोलण्यावर मी पुढं कसा विश्वास ठेवू?

गुरुशांत : बाई बरोबर बोलली. वाईट वाटून घेऊ नको, पण बरोबर बोलली.

रेश्मा : हो काका.

जोतीराम : तू गप रे. पोरीचं तोंड बघ जरा. सोड, शिडी सोड, मी उतरलो. बाळ, हिकडं बघ. दुसरी कंपनी मिळंल की. हात कुटं गेलाय तुझा? रेघा मारायची पाटी हाय, रिक्षा हाय. ओरखडे तर म्हणशील तेवढे हायती.

रेश्मा : तुम्ही रागवा की एकदा. निदान एक शिवी तरी द्या.

जोतीराम : दिली असती. सकाळी लई मनात आली होती. आता न्हाई आठवत.

गुरुशांत : बरं, ह्या फ्लेक्सचं काय करू? दुकानात न्यायचा म्हणलं तर परत कोण तरी फोटो काढणार. फाडून टाकू?

रेश्मा : फाडू नका. रिक्षाच्या टपावर टाकायला होईल, आण्णांचं जुनं कापड गळतंय. मात्र चित्राची बाजू आत करा. दिवाळीपर्यंत विमान कुणाला दिसायला नको, तो शब्द तरी पाळू दे मला.

गुरुशांत : आणि यानं पाडलेलं भोक? पाणी तिथनं थेट सीटवर.

रेश्मा : कापलेला तुकडा कुठंय?

जोतीराम : खिशात हाय. टाकवंना, म्हणून ठिवला. घडी पडलीया तोंडावर.

रेश्मा : द्या इकडं. काका, तुमच्याकडची चिकटपट्टी आणा, मी बसवते.

गुरुशांत : आणतो. पण मग तोंड कुठल्या बाजूला करायचं? सगळं चित्र आत चाललंय, म्हणजे याचं पण आतच ना?

रेश्मा : नाही. आण्णांचं बाहेर.