रेघ सांगा, आप्पा!

न्हाई, मला एक सांगा, आंधळ्या पोरीला 'दिसतंय ना?' म्हणून इचारणारा माणूस शिकलेला कसा म्हणायचा? तुमाला सांगतो, आमची नात पूनम, जन्मापासनं दिसत न्हाई तिला, आकुर्डीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकती, आन् तिचे निरंजन सर मोबाइलवर व्हिडिओ पाठवत्यात. फळ्यावर रेघ वडायची आन् म्हणायचं, "किंमत वाढली की मागणी ही अशी... इथून... इथं! दिसतंय ना?" अरं, कुटनं कुटं? डोंबल दिसतंय!

गेल्या साली पोरगी ह्याच विषयात गचकली. औंदा ऱ्हायली तर शिक्षणच सुटायचं. ल्योक-सून दोघं चाकणला शिफ्टला... मग बघून सांगणार कोण? हे म्हातारं! चौथीत शाळा सोडलेलं!

बसलो. म्हणलं, "सर आला. शर्टाचं वरचं बटण तुटलंय. मागं पंखा हाय, पर फिरत न्हाई. भितीवर पाल..."

"आप्पा, पालीवर प्रश्न येत नाही! रेघ सांगा, रेघ!"

"रेघ व्हय? डावीकडं वरनं निघाली, उजवीकडं खाली आली... आपल्या काळेवाडीच्या पुलाचा उतार हाय ना, तशी."

"म्हणजे किंमत वर, तेव्हा मागणी कमी! आलं लक्षात!" पोरगी टाळ्या वाजवती. मला काय कळलंय? ढेकळ!

पर रोज कोण बसणार? डोकं फिरलं माजं. गेलो कॉलेजात, खांद्यावरचा पंचा सराच्या डोळ्याला बांधला, व्हय, भर वर्गात! आन् त्येचाच व्हिडिओ त्येला ऐकवला. "इथून... इथं! दिसतंय ना?" सर पंच्याआडनं मान हिकडं-तिकडं करतोय. मग हळूच म्हणला, "आप्पा, मलाच काही कळलं नाही हो." माणूस तसा बरा, खोटं कशाला बोलू... पर पंचा सोडल्या सोडल्या म्हणतो कसा, "आता व्हिडिओत तुम्हीच बोला. पूनमला सांगता ना, अगदी तसंच!"

तसंच म्हणला, मी तसंच बोललो! आता त्याच वर्गात भैरू म्हणून पोरगं हाय, त्येला ऐकू येत न्हाई. त्येच्यासाठी व्हिडिओत बोललेलं सगळं खाली अक्षरात उमटवत्यात. सगळं! मला कुणी सांगितलं व्हतं का? व्हिडिओ वर्गात लावला, तर भैरू पोट धरून हसतोय! इचारलं, "काय लिवलंय?" सरानंच वाचलं बिचाऱ्यानं, कान लाल करून, "'आप्पा खोकतात. ह्या शहाण्याच्या शर्टाचं बटण तुटलंय, बायकू म्हायेरी गेली का काय!'... दिसतंय ना, आप्पा?"

धरणी पोटात घील तर बरं, असं झालं बगा! "पुसा ते," म्हणलं. तर पूनम ताडकन् उठली, "अजिबात नाही! हसू येतं म्हणून तर पुढची रेघ डोक्यात बसते!"

बसली खरी. परीक्षेत त्याच रेघंवर प्रश्न आला, आन् पोरगी पास झाली, राव! माजं बोलणं व्हिडिओत तिथंच ऱ्हायलं, सराचं बटणबी तिथंच, कायमचं तुटल्यालं...

परवा फुडच्या धड्याचा व्हिडिओ करायला बोलावलं. सर नवा कोट घालून, गळ्यापतुर बटणं लावून हुभा. म्हणतो, "आप्पा, आज फक्त रेघ. दिसतंय ना?"

दिसतंय की! कोटाला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबतीय, तीबी दिसतीय... पर बोलतो कशाला? आता निस्ता खोकलो तरी खाली लिवून येतं!