सगळी शाळा ठाण्यात

माझा जल्म दौंडचा, रेल्वेलायनीपल्याड, पालात. आम्ही पारधी. कुठं चोरी झाली की पोलीस पहिलं आमच्याकडं, आन् एकाला धरलं की बाकीच्यांनी सगळी पालं उचलायची आन् पळायचं, ही आमची रीतच. तव्यावरली भाकर तशीच टाकून पळालेली मी, काय सांगू तुम्हाला ताई, त्या भाकरीचा वास अजून नाकात हाय.

लगीन होऊन शिरूरकडं आले. नवरा गेला, तवा दादांच्या शाळंत सैपाकाला लागले. दादा म्हंजी आमचं गुरुजी, त्यांनी माळावर पत्र्याची शाळा काढलेली, आमच्याच पोरांसाठी, राहायचं तिथं, जेवायचं तिथं. माझा सुरेश तिथंच सातवीला. पण पोलिसांची जीप हितंबी यायचीच. कुणाच्या इहिरीवरली मोटार गेली, कुणाची शेरडं गेली, की थोरली पोरं चौकशीला न्यायची. जीपचा आवाज आला की पोरं खिडकीतनं उड्या टाकून उसात पळायची. मग दादा भाड्याची गाडी करायचं, कुणातरी पुढाऱ्याला संगं घ्यायचं, त्याचं चहापाणी, ठाण्याचं चहापाणी, आन् पोरगं सोडवून आणायचं. तो पैसा किराणाचा. मग आठवडाभर माझ्या आमटीत डाळ शोधावी लागायची. पोरं गप खायची, त्याचंच मला लई लागायचं.

एका सकाळी सुरेशलाच नेलं. इहिरीवरली मोटार गेलेली, आन् त्याचा त्याच दिवशी गणिताचा पेपर. दादांचा खिसा रिकामा. दादा म्हनलं, शेवंताबाई, कुठं उसनं मिळतंय का बघतो. माझं डोकंच फिरलं. मी म्हनलं, दादा, एक रुपाया द्यायचा न्हाई, पळताना आम्ही सगळी मिळून पळतो ना, मग आज जाऊबी सगळीच. भाताचं पातेलं डोक्यावर घेतलं, पोरांनी पाट्या घेतल्या, दोघांनी फळा धरला, आन् निघालो चालत.

ठाण्याच्या आवारात लिंबाखाली शाळा भरवली. पाढं सुरू. साहेब भाईर आलं, म्हनलं, हा काय तमाशा. मी म्हनलं, तमाशा न्हाई साहेब, शाळा हाय, आमचं एक पोरगं तुमच्याकडं हाय, तुमचं व्हईस्तवर आम्ही हितं बसतो, जेवान आणलंय, तुम्हीबी या. तेवढ्यात आतनं सुरेश खिडकीपशी येऊन पाढं म्हनाया लागला, मोठ्यानं, सगळ्यांच्या संगं! तिथं मात्र माझ्या डोळ्याला पाणी आलं बघा. मोटारीचा मालक तिथंच बसलेला, तो उठला, म्हनला, साहेब, ह्या पोरावर माझा संशय न्हाई. सोडलं त्याला. पेपर त्यानं लिंबाखालीच लिवला, आन् आम्ही भात खाऊन घरी आलो.

पुढंबी बोलावणी आली, आन् दरवेळी आम्ही सगळी गेलो. शेवटी साहेबच म्हनलं, दादा, काय इचारायचं ते मीच शाळंत येऊन तुमच्यासमोर इचारतो. झालं की! भाड्याची गाडी बंद, पुढारी बंद, आन् आमटी घट्ट.

सुरेश आता सणसवाडीला कंपनीत फिटर हाय. मी अजून चुलीपशीच, मला कुठं जायचंय. परवा झेंडावंदनाला ठाण्यातनं फोन आला, मावशी, गाणं म्हनाया पोरं पाठवा, गाडी लावतो. जीप आली आन् बारकी पोरं उठून पळाली, मी चूल तशीच सोडली. भाईर येऊन बघते तर उसात कुणी न्हाई, ताई. जीपमधी पुढं बसायला जागा धरत व्हती. अशीच पळू दे लेकरं, दुसरं काय मागू.