दंतवैद्यांच्या खुर्चीत टर्न अप झाल्याबाबत

मी भडक्या (दुकानात सगळे याच नावाने हाक मारतात), वय २१, शिक्षण कॉलेज अर्धवट, धंदा मामाच्या दुकानात काच कापणे, राहणार दुकानावरची खोली, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जातो. आमच्या बाईंची रीत अशी की नवा शब्दप्रयोग नुसता वहीत लिहायचा नाही, प्रत्यक्ष करून यायचे आणि वर्गात सांगायचे. 'गिव्ह अप' शिकवले तेव्हा मी सिगारेट सोडली. काल 'टर्न अप' शिकवले. म्हणजे कोणी बोलावलेले नसताना, ध्यानीमनी नसताना हजर होणे. अर्थ मला नीट समजला होता. त्याबाबत माझी तक्रार नाही.

तक्रारदार दंतवैद्य यांची मुलगी त्याच क्लासला पुढच्या बाकावर बसते. आमचे कधी बोलणे झालेले नाही. ती गृहपाठ करत नाही. बाई रागावल्या की मागे वळून हसते. मागे मी असतो.

आज दुपारी मी तिच्या घरी टर्न अप झालो. पुढच्या खोलीत दवाखाना आहे हे आत गेल्यावर कळले. वडिलांनी मला खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावले.

"कुठला दात?"

"दात नाही काका, तुमची मुलगी."

"काका कोणाला म्हणतोस रे?" असे म्हणून त्यांनी माझा कान पिरगाळला. माझे डोके लवकर तापते. मी ताडकन उठलो, तेव्हा वरचा दिवा माझ्या कपाळावर आपटून फुटला. त्याची काच मी आजच बसवून देतो, ते माझे कामच आहे.

मला इथे पोलीस ठाण्यात आणल्यावर दंतवैद्य म्हणाले, "माझी पोरगी ह्याला ओळखतसुद्धा नाही. पुन्हा तिच्या वाटेला जाणार नाही, असं लिहून घ्या ह्याच्याकडून."

ओळखते की नाही, हे मलाही ठाऊक नव्हते. हवालदारसाहेबांनी ते वाक्य लिहायला घेतले, तेवढ्यात मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिला कोणी बोलावले नव्हते.

"तू कशाला तडमडलीस इथे?" वडील म्हणाले.

"गृहपाठ करायला, बाबा."

एवढे बोलून ती टेबलासमोर बसली आणि मागे वळून हसली. मागच्या बाकावर मी होतो.

सबब ते वाक्य लिहून द्यायला मी तयार नाही.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त 'मुलगी योगायोगाने आली' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले.